अन्नपूर्णा सर्किट, सॅक स्वतःच्याच पाठीवर : दिवस आणि वजन कसं बसवायचं?

पायपीट
ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं नेपाळमधल्या अन्नपूर्णा सर्किटच्या ट्रेकला निघतोय. गाईड ठरलाय, पोर्टर घ्यायचा नाही. सह्याद्रीत भरपूर भटकंती आहे, पण ३,००० मीटरच्या वर मुक्काम एकदाही नाही. बेसीसहर ते मुक्तिनाथ ८ दिवस हाताशी आहेत. गटातला एकजण म्हणतो, जीपने थेट मनांग गाठू, दिवस वाचतील. चालेल का? सॅक किती किलोची असावी? आणि पाण्यासाठी फिल्टर न्यावा की क्लोरीनच्या गोळ्या?

घाटवाट
जीपने थेट मनांग हा बेत आधी खोडा. बेसीसहर ७६० मीटरवर, मनांग ३,५४० वर. एका दिवसात पावणेतीन हजार मीटर वर गेलात तर वाचवलेले दिवस तिथल्या लॉजमध्ये डोकं धरून बसण्यात जातील. कळसूबाई १,६४६ मीटर. तिथल्या सरावाने पाय आणि दम तयार होतो, विरळ हवेची सवय होत नाही. उलट दमदार माणूसच जास्त फसतो, कारण त्याला भरभर चढता येतं.

३,००० च्या वर झोपायची उंची रोज साधारण ५०० मीटरहून जास्त वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर आणखी एक रात्र काढा. त्या हिशेबाने: पहिल्या दिवशी जीपने चामे (२,६७०), मग अप्पर पिसांग (३,३००), घ्यारूवरून ङावल (३,६६०), मनांग, मनांगलाच दुसरी रात्र, याक खर्क (४,०५० च्या आसपास), थोरोंग फेदी (साधारण ४,५००), आणि आठव्या दिवशी ५,४१६ मीटरवरची थोरोंग ला खिंड ओलांडून मुक्तिनाथ.

पिसांगहून हुम्डेमार्गे खालची वाट सोपी आहे, पण जीपची धूळ खात जावं लागतं. घ्यारूचा चढ छातीवर येतो खरा, पण वरच्या वाटेने दिवसभर ३,७०० च्या आसपास राहणं होतं आणि मनांगला मुक्काम त्याहून खाली पडतो. शरीराला हेच हवं असतं.

मनांगच्या मुक्कामात पांघरूण घेऊन पडू नका. तीन-चारशे मीटर वर चढा, तासभर थांबा, खाली या. आईस लेक ४,६०० वर आहे. हजार मीटरचा चढ, तेव्हा डोकं अजिबात दुखत नसेल तरच. हंगामात तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं मदत केंद्र असतं, उंचीच्या आजारावर माहितीही देतात. ती चुकवू नका.

वरच्या हिशेबात एकही दिवस मोकळा नाही, म्हणून ८ दिवस मला पटत नाहीत. १० ठेवा.

किलोकाटा
पाण्यासकट साधारण १० किलो, त्याच्या फार वर नको. वाटेत लॉज आहेत, तंबू-स्टोव्ह लागत नाही. ५० लिटरची सॅक १.६ किलो, स्लीपिंग बॅग १.२, डाऊन जॅकेट ०.४, पावसाळी जॅकेट-पँट ०.७, फ्लीस ०.४, थर्मलचा जोड ०.४, बदलायचे कपडे आणि तीन जोड मोजे ०.६, संध्याकाळची चप्पल ०.३, मायक्रोस्पाइक (बर्फात बुटांना लावायचे काटे) ०.४, पॉवरबँक-हेडटॉर्च-चार्जर ०.७, औषधं आणि साबण-ब्रश ०.६, सुका खाऊ ०.८. झाले ८.१ किलो, वर दोन लिटर पाणी. जीन्स आणि दुसरं जाड जॅकेट घरीच. प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन लिहा. "हे एवढंसंच तर आहे" म्हणत भरलेल्या वस्तूच दोन किलो होतात.

खांदे दुखतात ते बहुतेक वेळा कंबरपट्टा खाली बसल्यामुळे. आधी खांद्याचे पट्टे सैल सोडा, कंबरपट्टा बेंबीखाली नव्हे, कमरेच्या हाडाच्या कडेवर आणून आवळा, मग खांद्याचे पट्टे जेमतेम टेकतील इतकेच ओढा. जड वस्तू पाठीला चिकटून, मधल्या उंचीवर. रेनकव्हर वाऱ्यात फुगतं, म्हणून आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून त्यातच सगळं भरा.

पायपीट
पाण्याचं राहिलं. आणि शेवटच्या रात्री फेदीला थांबावं की त्याच्या वरच्या हाय कॅम्पला? डायमॉक्स (उंचीच्या आजारावरची गोळी) सुरुवातीपासूनच घ्यायची का?

बर्फाळ_बाटली
पाणी: पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा भिजला आणि रात्री गोठला की आतले तंतू तडकतात. बाहेरून काही कळत नाही, पाणीही नेहमीसारखंच येतं, फक्त गाळलं जात नाही. याक खर्कपासून पुढे तो झिप पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, नाहीतर सरळ गोळ्या वापरा. पाकिटावर अर्धा तास लिहिलं असलं तरी बर्फगार पाण्याला तास-दीड तास द्या. लॉजचं उकळलेलं पाणी चालतं. ५,००० मीटरवर ते ८३-८४ अंशांनाच उकळतं, जंतू मरायला तेवढं पुरतं.

खिंडीच्या पहाटे नळीवाली पिशवी बिनकामाची, नळीच आधी गोठते. रुंद तोंडाची बाटली मोज्यात घालून उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूने धरतो, त्यामुळे सरळ केल्यावर झाकणापाशी पाणीच असतं.

घाटवाट
फेदीला जेवण गेलं आणि झोप लागली तर हाय कॅम्प (४,८८०) घ्या, पहाटेचा चढ चारशे मीटरने कमी होतो. डोकं जड असेल तर फेदीलाच थांबा. "वर गेल्यावर बरं वाटेल" असं कधी होत नाही. फेदीहून चारला, हाय कॅम्पहून पाचला निघा, कारण दहानंतर खिंडीत वारा उभं राहू देत नाही. पलीकडचा उतार सोळाशे मीटरचा आहे. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची एका दिवसात उतरल्यासारखं. गुडघ्यांसाठी दोन्ही काठ्या लांब करून घ्या.

डायमॉक्स डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा. प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा देतात, चढ सुरू व्हायच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, ते अपेक्षित आहे. डोकेदुखीसोबत मळमळ किंवा अन्नावरची वासना गेली, तर तिथून वर चढायचं नाही. एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावत सरळ रेषेत चालता येत नसेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर रात्र असली तरी खाली, आणि एकट्याला पाठवायचं नाही.

मोकळे दोन दिवस मागितले ते हवामानासाठी. १४ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद चक्रीवादळाच्या उरल्यासुरल्या ढगांनी याच खिंडीच्या परिसरात बर्फ ओतलं आणि ४० हून जास्त माणसं गेली. बंगालच्या उपसागरात वादळ दिसत असेल तर मनांग सोडूच नका.