मदत हवी आहे: १९६८ ची वेस्पा, इंजिन बदललेलं, व्हिंटेज नोंदणी होईल का?

बजाजने पियाजिओच्या परवान्यावर बनवलेली १९६८ ची वेस्पा १५० घरी आहे. जुनं आरसी बुक आजोबांच्या नावावर, ते हयात नाहीत. वारसांची ना-हरकत पत्रं आणि मृत्यू दाखला तयार आहे, गाडी वारसाच्या नावावर करायचा फॉर्म ३१ भरून ठेवलाय. विमाही निघेल. नंबर जुना तीन अक्षरी, तो जाऊ द्यायचा नाही. गाडी पुण्यातच, एमएच-१२ च्या हद्दीत.

अडचण इंजिनाची. मूळ इंजिन जाम झाल्यावर नंतरच्या चेतकचं बसवलं गेलं, आरसीवर त्याची नोंद नाही. चासी आणि बॉडी मात्र अस्सल. २०२१ च्या नियमानुसार व्हिंटेजसाठी ५० वर्षं पूर्ण हवीत आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. मूळ इंजिन अजून माळ्यावर आहे, पण दुरुस्तीचा खर्च दणदणीत सांगतायत. एजंट म्हणतो, ‘होऊन जाईल.’ म्हणजे काय, हे पुणेकरांना सांगायला नको!

रोज चालवायची नाही, रॅलीपुरतीच. त्यामुळे व्हिंटेजच्या अटी चालतील; आरसीच्या साध्या नूतनीकरणाचा सल्ला नको.

ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांनाच विचारतोय: आधी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली इंजिन बदलाची नोंद करून मग अर्ज केला तर तो टिकतो, की मूळ इंजिन बसवल्याशिवाय तपासणीला नेऊच नये?