व्हर्मीरची 'छोटी गल्ली': पत्ता सापडला की चिकटवला?

(मोजपट्टी, गेरू आणि आडवाट ही वाद घालणाऱ्या तिघांची टोपणनावं.)

मोजपट्टी:
डच चित्रकार व्हर्मीरचं ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं हे चित्र जेमतेम ५४ बाय ४४ सेंटिमीटरचं, साधारण १६५८ चं. विटांचं जुनाट घर, दारात शिवण घेऊन बसलेली बाई, बाकापाशी पाठमोरी दोन पोरं, शेजारच्या बोळात पिंपाशी वाकलेली मोलकरीण. हे घर व्हर्मीरच्या गावात, डेल्फ्टमध्ये, नेमकं कुठे होतं यावर बरीच वर्षं तर्क चालू होते. २०१५ मध्ये कला-इतिहासकार फ्रान्स ग्रायझनहाउट यांनी पत्ता दिला: फ्लामिंगस्ट्राट ४०-४२. माझ्या मते वाद तिथेच मिटायला हवा होता.

कारण पुरावा वसुलीच्या वहीतला आहे. कालव्यातला गाळ काढायचा, धक्का दुरुस्त ठेवायचा, त्याचा खर्च कोणाकडून किती घ्यायचा याची ही १६६७ ची नोंद. आकारणी दर्शनी रुंदीवर, म्हणून घर वेगळं आणि बोळ वेगळा मोजलेला, चूक फार तर १५ सेंटिमीटरची. पैसे भरायचे म्हटल्यावर जास्तीचं माप कोण खपवून घेईल? या पत्त्यावर सुमारे ६.३ मीटरची दोन घरं आणि मधे एकमेकांना खेटून १.२ मीटरचे दोन बोळ. अशी जोडी वहीत दुसरीकडे नाही. शिवाय उजवीकडचं घर व्हर्मीरच्या आत्याचं, म्हणजे वडिलांच्या सावत्र बहिणीचं. विधवा बाई, पाच मुलं, धंदा वजडी विकण्याचा. तिच्या घराशेजारचा बोळ ओळखला जायचाच 'पेन्सपोर्ट' म्हणून. मराठीत वजडी-बोळ म्हणा. आणखी काय हवं?

गेरू:
चित्र हवं! वही छानच आहे, पण ती चित्राला लावणार कशी? उजवीकडचं घर चौकटीने कापलंय. पूर्ण रुंदी काढायची तर पायऱ्यापायऱ्यांच्या त्रिकोणी शेंड्यावरून मध्यरेषा धरायची आणि डावी बाजू दुप्पट करायची. या कापडावरचा एक सेंटिमीटर म्हणजे घरावर अंदाजे वीस. मध्यरेषा एवढीशी सरकली की घर चाळीस सेंटिमीटरनी रुंद किंवा अरुंद. वहीची चूक १५ ची आणि चित्राची ४० ची. मग अचूकपणा वहीपुरताच राहिला.

विटा मोजून प्रमाण काढू म्हणाल, तर तेही जमत नाही. व्हर्मीरने वीट न् वीट रंगवलेली नाही. आधी तांबूस-तपकिरी थर, त्यावर दरजांच्या फिक्या रेघा, त्याही मधेच तुटणाऱ्या. लांबून भिंत पक्की वाटते. जवळ जाऊन थर मोजायला लागलं की दाराच्या एका बाजूचा हिशेब दुसऱ्या बाजूला लागत नाही. गवंड्याने अशी भिंत बांधली तर मुकादम पाडायला लावेल.

आडवाट:
माझा आक्षेप वहीवरच आहे. ती फक्त कालव्याकाठच्या मिळकतींची. चित्रात पाणी कुठे दिसतं? समोर फरसबंदी आणि सांडपाण्याची नाली, बस्स. कालवा नसलेल्या रस्त्यावरचं घर असेल तर ते या वहीत कधी सापडणारच नाही. "वहीत दुसरी जोडी नाही" म्हणजे "गावात दुसरी जोडी नाही" असं होत नाही ना!

मोजपट्टी:
पाणी दिसत नाही, कारण बघणारा पाण्यापलीकडे उभा आहे आणि कॅनव्हास घराकडच्या काठावर संपतो. दहाएक मीटर उंच दर्शनी भाग मान वर न करता, भिंती न कलता असा सरळ दिसायचा तर निदान पंधरा मीटर मागे सरकावं लागतं. डेल्फ्टच्या बिनकालव्याच्या गल्लीत एवढं मागे सरकलात तर समोरच्याच्या स्वयंपाकघरात पोचाल. कालवा आणि दोन्ही काठ धरले की अंतर बरोबर जुळतं.

आडवाट:
मान्य, हा मुद्दा पटला. पण मग फोल्डर्सग्राख्टही बाद होत नाही. तोही कालवाच, आणि व्हर्मीरच्या घरच्या 'मेखेलेन' खानावळीच्या मागच्याच अंगाला. तिथला जुना वृद्धाश्रम हाच चित्रातला, असा तर्क तुमच्या २०१५ च्या कितीतरी आधीचा आहे. १६६१ मध्ये त्या जागी चित्रकारांच्या गिल्डचं, म्हणजे व्यवसाय-संघाचं, घर झालं. १६६७ च्या वहीत जुनी वास्तू कुठून येणार? आधीच मोडलेल्या घराला वही ना हो म्हणू शकत, ना नाही.

मोजपट्टी:
वृद्धाश्रमाच्या दारात शिवण करणारी बाई आणि खेळणारी पोरं? हे घर नांदतं आहे. आणि १६९६ च्या ॲमस्टरडॅमच्या लिलावात व्हर्मीरची २१ चित्रं विकली गेली, त्यात नोंद आहे: 'डेल्फ्टमधल्या एका घराचं दृश्य', ७२ गिल्डर १० स्टायव्हर (तेव्हाची डच नाणी). यादी करणाऱ्यालाही हे खरंखुरं घर वाटत होतं.

गेरू:
यादी करणाऱ्याला डेल्फ्ट माहीत होतं. नेमकं घर माहीत असतं तर तेही लिहिलं असतं. व्हर्मीर जाऊन तेव्हा वीस वर्षं उलटली होती. बाई-पोरांवरून तर घर ठरवूच नका. तपासणीत दिसलंय की बोळाच्या तोंडाशी आधी आणखी एक बसलेली बाई होती. व्हर्मीरने ती रंगाखाली गाडली. ती तिथे असती तर नजर उंबऱ्यातच अडली असती. ती गेल्यावर नजर फरशीवरून सरळ आत, पिंपाशी वाकलेल्या मोलकरणीपर्यंत जाते. जो माणूस बोळ मोकळा दिसावा म्हणून आख्खी बाई उठवतो, तो खिडकी वीतभर सरकवायला आत्याची परवानगी घेईल?

मोजपट्टी:
माणसं उठवता येतात हो, बोळ उठवता येत नाही. चित्रात दोन बोळांचे दोन दरवाजे खेटून काढायला चित्राच्या दृष्टीने काही कारण नव्हतं. एकानेही काम भागलं असतं. तिथे होते म्हणून काढले.

गेरू:
कारण आहे की! एक बंद, एक उघडा. बंद दार झाका, मग बघा उघड्या बोळाची खोली किती कमी होते ते. छापील चित्रावर अंगठा ठेवलात तरी कळेल.

आडवाट:
ठेवला. खोली थोडी कमी होते, पण डावीकडचं घर एकदम अंगावर येतं. आता फ्लामिंगस्ट्राटवर जाऊन तरी काय ताडून बघणार? ४०-४२ ची आजची घरं एकोणिसाव्या शतकातली. जुन्यातला बोळ तेवढा शिल्लक आहे.