मदत हवी आहे: टोरांटोत घरातली ढोबळी मिरची फुलते, पण धरत नाही

नमस्कार मंडळी,

मे महिन्यातली व्हिक्टोरिया डेची सुट्टी झाल्यावर बाल्कनीत ढोबळीची तीन रोपं लावली होती. सप्टेंबरपर्यंत चौदा मिरच्या निघाल्या. ऑक्टोबरात कडाका सुरू व्हायच्या आत कुंड्या घरात घेतल्या. गावी परसातली लवंगी तीन-तीन वर्षं टिकायची, म्हटलं हीही टिकेल.

टिकली, पण नुसतीच. कुंड्या दक्षिणेच्या खिडकीत काचेला लागून आहेत. कळी येते, फूल उमलतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी देठ पिवळा पडतो आणि सकाळी चहा घेऊन जावं तर फूल खाली. एकवीस मोजली, मग मोजणं सोडलं. पानं मात्र हिरवीगार, फांद्या लांबुळक्या होऊन काचेकडे झुकलेल्या. मध्ये पानं चिकट लागली, उलटून पाहिलं तर मावा कीड! साबणाच्या पाण्यानं एकेक पान पुसलं.

घरात दिवसा २१ अंश, रात्री १६ ठेवतो. पालेभाजीचं खत दर आठवड्याला. फुलगळ कशानं? मधमाश्या नाहीत म्हणून? (घरच्यांचं मत: मिरची दुकानात मिळते.)

प्रतिसाद:
मधमाशीचं सोडा हो, ढोबळीचं फूल स्वतःच्याच परागानं फळतं. दुपारी देठाला टिचकी मारा किंवा इलेक्ट्रिक टूथब्रश टेकवा, झालं. खरी अडचण उजेडाची. डिसेंबरात तुमच्याकडे दिवस जेमतेम ९ तासांचा. त्यावर झाड जगतं, फळत नाही. एलईडी दिवा शेंड्यापासून वीतभर वर टांगा, टायमरवर १४ तास. रात्री मात्र अंधार हवाच.

दुसरं म्हणजे ती काच. खोलीत १६ असले तरी काचेशी बरंच कमी असणार, आणि रात्री १५ च्या खाली गेलं की पराग नीट तयार होत नाही. संध्याकाळी कुंड्या हातभर आत ओढा. पालेभाजीचं खत बंद करा, नत्रानं नुसता पाला माजतो.

आणि तिन्ही फळवायच्या नादी लागू नका. एक दिव्याखाली ठेवा. बाकी दोन बेचक्याच्या जरा वर छाटा, १०-१३ अंशांच्या जागी निजवा, माती वाळली की घोटभर पाणी. मार्चमध्ये उजेडात आणा. मे अखेरीस बाहेर जातील तेव्हा बियाण्यापासून केलेल्या रोपांच्या पुढे असतील.

धागाकर्ता:
खूप आभार. काल रात्री काचेशी थर्मामीटर ठेवला: ११! कुंड्या लगेच आत ओढल्या, दिवा मागवलाय. बेसमेंट नाही, फ्लॅट आहे, पण खाली सामानाची खोली गार असते, तिथेही मोजून बघतो. एकच शंका: एका शेंड्यावर मावा परत दिसतोय. छाटायच्या आधी धुऊ की नंतर?