लिलावातून जुना सह्यांचा बेसबॉल घ्यायचा आहे (ब्रुकलिन डॉजर्स, १९५५) – सल्ला हवा

अनुजा_जर्सीसिटी

नमस्कार मंडळी,

आम्ही जर्सी सिटीत राहतो. नवरा आणि मुलगा दोघंही बेसबॉलवेडे. मी आधी नुसती ऐकायचे, आता जॅकी रॉबिन्सनच्या (आधुनिक काळातल्या मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू) काळाबद्दल मिळेल ते वाचते. १८ एप्रिल १९४६ ला मॉन्ट्रिअल रॉयल्सकडून (ब्रुकलिन डॉजर्सचा कनिष्ठ संघ) त्याने पहिला सामना खेळला तो आमच्याच गावातल्या रूझवेल्ट स्टेडियमवर. हे कळल्यापासून त्या काळातली एक तरी खरी वस्तू घरात असावी असं फार वाटतंय.

एका लिलावाच्या कॅटलॉगमध्ये '१९५५ विश्वविजेते ब्रुकलिन डॉजर्स, संघाच्या सह्यांचा चेंडू' असा लॉट आलाय. चोवीस सह्या, त्यात रॉबिन्सन, कॅम्पानेला, पी वी रीझ, ड्यूक स्नायडर, गिल हॉजेस. सोबत एका ऑथेंटिकेशन कंपनीचं (सह्या खऱ्या आहेत का ते तपासणारी) पत्र. अंदाज दोन ते तीन हजार डॉलरचा दिलाय. माझी तयारी सगळं धरून अडीच हजारांची. लिलावात आजवर कधी बोली लावलेली नाही.

घ्यावा का? घ्यायचा तर काय तपासायचं? आणि एवढ्या पैशांत याहून चांगलं काही मिळेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

मीनल_ब्रुकलिन

अगं, घे! १९४१, ४७, ४९, ५२, ५३, प्रत्येक वेळी वर्ल्ड सिरीजमध्ये (दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) न्यू यॉर्क यांकीजकडून हार. मग ४ ऑक्टोबर १९५५ ला सातव्या सामन्यात जॉनी पॉड्रेसने २–० असा जिंकून दिला. ब्रुकलिनमध्ये असताना डॉजर्सना मिळालेलं हे एकमेव विजेतेपद. आमच्या गल्लीतले म्हातारे आजोबा अजून त्या दिवसाचं बोलायला लागले की थांबत नाहीत.

फ्लॅनेल

मीनलताई म्हणतात ते खरं आहे, आणि म्हणूनच सावध राहायला हवं. '१९५५' या आकड्यालाच पैसे मोजले जातात, त्यामुळे आजूबाजूच्या वर्षांचे चेंडूही त्या नावाने विकायला येतात.

अनुजाताई, सह्यांकडे नंतर बघा, आधी चेंडू बघा. नॅशनल लीगचे (डॉजर्स ज्या लीगमध्ये खेळायचे ती) अधिकृत चेंडू तेव्हा स्पाल्डिंग बनवायची आणि त्यावर लीगच्या अध्यक्षाची सही छापलेली असायची. फोर्ड फ्रिक १९३४ ते १९५१, वॉरन जाइल्स १९५१ ते १९६९, चब फीनी १९७० ते १९८६. तुमच्या चेंडूवर जाइल्सचं नाव हवं. फ्रिकचं असेल तर उरलेला जुना चेंडू वापरला असं एक वेळ म्हणता येईल, पण मग बाकी सगळं जास्त बारकाईने बघायचं. फीनीचं असेल तर तो लॉट सोडून द्या. तो चेंडू १९७० किंवा नंतरचा, आणि हॉजेस २ एप्रिल १९७२ ला वारला, रॉबिन्सन त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला. स्टेडियमबाहेर विकायचे ते छापील सह्यांचे स्मरणिका-चेंडूही असतात. त्यांवरच्या सगळ्या सह्या एकाच शाईच्या, एकाच दाबाच्या दिसतात.

मग संघाची यादी काढा. त्या वर्षी कोण संघात होतं आणि कोण नव्हतं, यावरून चेंडूचं वय कळतं. सँडी कोफॅक्स १९५५ ला आला. बिली कॉक्स आणि प्रीचर रो यांना १९५४ च्या डिसेंबरात बाल्टिमोरला देऊन टाकलं होतं, म्हणजे त्यांच्या सह्या असतील तर चेंडू आधीचा. डॉन ड्रिस्डेल १९५६ चा. रॉबिन्सनचा शेवटचा हंगाम १९५६. रॉय कॅम्पानेला जानेवारी १९५८ मधल्या मोटार अपघातात लुळा झाला, त्यानंतरची त्याची सही वेगळीच. सगळी नावं कागदावर लिहा, समोर वर्षं मांडा. हे काम तुम्ही घरी बसून करू शकता आणि कुठल्याही पत्रापेक्षा ते जास्त शिकवतं.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट: 'क्लबहाऊस' सही. खेळाडूंसमोर चेंडूंच्या पेट्याच्या पेट्या सहीसाठी यायच्या. प्रत्येक जण बसून सह्या करत नसे, कपडे-सामान सांभाळणारा माणूस मोठ्या खेळाडूंची सही हुबेहूब करून टाकायचा. ब्रुकलिनमध्ये चार्ली डिजिओव्हाना हा त्यासाठी प्रसिद्धच होता. असा चेंडू बनावट नसतो, तो खरंच डॉजर्सच्या खोलीतून आलेला असतो, पण रॉबिन्सनची सही रॉबिन्सनची नसते आणि किंमत त्यानुसार बरीच उतरते. पत्रात 'क्लबहाऊस' हा शब्द कुठे आणि कुणाच्या नावापुढे आहे ते शोधा. कॅटलॉगमध्ये तो बारीक अक्षरात असतो, किंवा नसतोच.

सुमेध_डॅलस

सह्यांचं फ्लॅनेल यांनी सांगितलंच आहे, मी पैशांचं सांगतो. नवीन माणूस तिथेच फसतो.

तुमची बोली म्हणजे किंमत नव्हे. त्यावर बायर्स प्रीमियम, म्हणजे खरेदीदाराने लिलावघराला द्यायचं कमिशन, बहुतेक ठिकाणी २० टक्के किंवा थोडा जास्त. मग बोली आणि प्रीमियमच्या बेरजेवर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स. मग विमा उतरवलेलं पार्सल. २० टक्के धरा: १९०० ची बोली, प्रीमियमसह २२८०, टॅक्स १५१, झाले २४३१, वर पार्सल. म्हणजे तुमच्या अडीच हजारांत बोली १९०० च्या पुढे जाता कामा नये. लिलावाच्या आदल्या दिवशी हा आकडा लिहून फ्रिजवर लावा.

दुसरं म्हणजे 'एक्स्टेंडेड बिडिंग'. बऱ्याच लिलावघरांत रात्री ठरलेल्या वेळी पहिली मुदत संपते आणि मग ज्यांनी त्या लॉटवर आधी बोली लावलेली असते तेच पुढे खेळू शकतात. नवी बोली आली की घड्याळ पुन्हा सुरू. शेवटच्या मिनिटाला उडी मारू असं ठरवून बसलात तर दारच बंद. मुदतीआधी एक लहानशी बोली लावून ठेवा. कमाल बोली मात्र आधीपासून यंत्रणेत टाकून ठेवू नका.

अनुजा_जर्सीसिटी

@सुमेध, कमाल बोली टाकायची नाही असं का? ते सोयीचं आहे म्हणून सगळे सांगतात.

सुमेध_डॅलस

सोयीचं आहेच. पण तुमचा वरचा आकडा तिथल्या कुणाला दिसत असेल तर खोट्या बोल्या लावून तुम्हाला तिथवर चढवता येतं. हे कल्पनेतलं नाही. बिल मास्ट्रो हे या धंद्यातलं एके काळी सगळ्यात मोठं नाव. खोट्या बोल्या लावून किमती चढवल्याबद्दल त्याने २०१३ मध्ये कोर्टात गुन्हा कबूल केला आणि २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली. त्याच कबुलीत त्याने हेही मान्य केलं की टी-२०६ या जुन्या बेसबॉल कार्डांच्या मालिकेतलं होनस वॅग्नर या खेळाडूचं ते जगप्रसिद्ध कार्ड त्याने कडा कापून नीटस केलं होतं. ते पीएसएने (कार्डांची अवस्था तपासून गुण देणारी कंपनी) ग्रेड केलेलं पहिलं कार्ड, आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्कीने भागीदारीत १९९१ साली ४,५१,००० डॉलरना घेतलेलं. प्लॅस्टिकच्या स्लॅबमध्ये बंद आणि वर आकडा छापलेला, तरीही. त्यानंतर चांगल्या लिलावघरांनी नियम कडक केले आहेत. नोंदणी करण्याआधी त्यांची नियमावली पूर्ण वाचा. स्वतःचे कर्मचारी बोली लावू शकतात का, हे त्यात लिहिलेलं असतं.

एक_वाचक

एवढं करायचंच तर बेसबॉल कार्डं का नाही? १९५२ चं टॉप्स मिकी मँटल २०२२ मध्ये १.२६ कोटी डॉलरला गेलं, बेब रूथची १९३२ ची जर्सी २०२४ मध्ये २.४ कोटींच्या वर. गुंतवणूक म्हणून काय वाईट?

कागदवेडा

त्या बातम्यांचा अडीच हजारांशी काही संबंध नाही. वरच्या टोकाला पैसा धावतो, मधल्या वस्तू वर्षानुवर्षं तिथेच राहतात. विकताना लिलावघर आपला वाटा कापतं आणि अमेरिकेत संग्राह्य वस्तूंवरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्याला २८ टक्क्यांपर्यंत कर लागतो. अनुजाताईंनी गुंतवणुकीचं विचारलेलंही नाही.

'याहून चांगलं काही' या प्रश्नाला मात्र माझं ठाम उत्तर आहे: वृत्तपत्रांची मूळ छायाचित्रं. निगेटिव्हवरून, फोटो काढल्यानंतर साधारण दोन वर्षांच्या आत छापलेली प्रत म्हणजे 'टाइप १'. मागे वृत्तसंस्थेचा शिक्का, तारीख, चिकटवलेली ओळ, संपादकाच्या पेन्सिलच्या खुणा. सही खरी की खोटी ही डोकेदुखी नाही. कागदाचं वय बऱ्याच अंशी तपासता येतं. पांढरेपणा आणणारी रसायनं कागदात दुसऱ्या महायुद्धानंतर आली, त्यामुळे १९३० चा म्हणवणारा फोटो अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली निळा-पांढरा चमकला तर तो परत ठेवायचा.

तुमच्या गावातच केवढं आहे बघा. १८ एप्रिल १९४६ ला रॉबिन्सनने पाच वेळा बॅटिंग करून चार हिट मारले, त्यात तीन धावांचा होम रन, आणि मॉन्ट्रिअलने १४–१ असा सामना जिंकला. होम प्लेटवर जॉर्ज शुबाने पुढे होऊन त्याच्याशी हात मिळवला तो फोटो जगभर गेला. त्याच्या नंतरच्या प्रती शुबाच्या सहीसह ढिगाने मिळतात, छान दिसतात, पण त्या जुन्या वस्तू नव्हेत. शेजारच्या नेवार्कमध्ये नेवार्क ईगल्स होते, कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या नीग्रो लीगमधला एफा मॅन्लींचा संघ. मॉन्टी अर्विन, लॅरी डोबी, लिऑन डे. १९४६ ची नीग्रो वर्ल्ड सिरीज त्यांनीच जिंकली. मॅन्ली २००६ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेल्या, तिथे निवड झालेल्या त्या एकमेव महिला. ईगल्सचे फोटो, कार्यक्रमपत्रिका यांची मागणी वाढतेय, तरी एका सह्यांच्या चेंडूच्या पैशांत चांगली वस्तू हाती येऊ शकते. मला विचाराल तर मी चेंडू सोडून तिकडे वळेन.

फ्लॅनेल

कागदवेडा यांच्याशी अर्धाच सहमत. फोटो उत्तम, पण चेंडू हातात घेतल्यावर ज्यांनी तो धरला त्यांच्याशी जे नातं वाटतं ते कागदातून येत नाही. मुलासाठी घेताय ना? मग चेंडूच, फक्त तपासून.

बनावट सह्यांचा बाजार किती मोठा होता तेही माहीत असू द्या. एफबीआयच्या 'ऑपरेशन बुलपेन'मध्ये १९९९ साली धाडी पडल्या तेव्हा चक्क मदर तेरेसांच्या 'सही'चे बेसबॉल सापडले होते. त्या टोळीतले लोक जुने चेंडू आणि त्या काळातली शाई मिळवून काम करत. म्हणून नुसत्या जुनाट रंगावर जाऊ नका. लिलावघराला चेंडूच्या सर्व बाजूंचे मोठे फोटो आणि पत्राची संपूर्ण प्रत मागा. आढेवेढे घेतले तर तिथेच थांबा.

अनुजा_जर्सीसिटी

फोटो आले! मागितल्यावर दुसऱ्याच दिवशी पाठवले.

चेंडू स्पाल्डिंगचा, शिक्का जाइल्सचा. शिवणींमधल्या अरुंद जागेवर वॉल्टर ऑल्स्टनची (संघाचा मॅनेजर) सही. फ्लॅनेल यांनी सांगितल्याप्रमाणे यादी केली. कोफॅक्स आहे. कॉक्स आणि रो नाहीत. पण डॉन ड्रिस्डेल आहे, आणि एक सॅल मॅग्ली म्हणून आहे. कॅटलॉगमध्ये या दोघांची नावंच दिलेली नाहीत. पत्रात रॉबिन्सन आणि कॅम्पानेला यांच्यापुढे 'क्लबहाऊस' लिहिलंय, बाकीच्या सह्या त्या त्या खेळाडूच्या हातच्या असं म्हटलंय.

फ्लॅनेल

शाब्बास! मग हा १९५५ चा चेंडू नाही. मॅग्ली डॉजर्सकडे १९५६ च्या मेमध्ये आला आणि पुढच्या वर्षी सप्टेंबरात यांकीजकडे गेला. रॉबिन्सन १९५६ नंतर खेळलाच नाही. त्याची सही दुसऱ्याने केली असली तरी चालू संघाचीच केली असणार. म्हणजे मे ते ऑक्टोबर १९५६.

वाईट वाटून घेऊ नका. त्या वर्षी डॉजर्स लीग जिंकून पुन्हा वर्ल्ड सिरीजमध्ये गेले. डॉन लार्सनने ८ ऑक्टोबरला यांकीजकडून जो परफेक्ट गेम (समोरच्या एकाही खेळाडूला बेसवर पोचू न देणं) टाकला त्यात समोरून पिचिंग करत होता हाच मॅग्ली. चेंडू चांगला आहे, नाव चुकीचं आहे. विश्वविजेत्यांचे पैसे मात्र द्यायचे नाहीत, आणि दोन मुख्य सह्या क्लबहाऊसच्या आहेत हेही धरायचं. मी असतो तर १२००–१३०० च्या बोलीला थांबलो असतो.

कागदवेडा

आता मी माझं मत बदलतो, ताई. चेंडूच घ्या! १९५६ आणि ५७ मध्ये डॉजर्सनी घरचे काही सामने ब्रुकलिनऐवजी जर्सी सिटीत, रूझवेल्ट स्टेडियमवर खेळले: पहिल्या वर्षी सात, दुसऱ्या वर्षी आठ. १९४६ मध्ये ज्या मैदानावर रॉबिन्सन पहिल्यांदा उतरला त्याच मैदानावर तो दहा वर्षांनी डॉजर्सचा म्हणून खेळत होता, आणि तुमचा चेंडू त्याच हंगामाचा. ते स्टेडियम १९८५ मध्ये पाडलं. तुमच्या घराला १९५५ पेक्षा हाच जास्त शोभेल.

मीनल_ब्रुकलिन

अंगावर काटा आला वाचून. ब्रुकलिनकडून परवानगी आहे, घे!

अनुजा_जर्सीसिटी

खरंच खूप आभार सगळ्यांचे. सातही सामन्यांच्या तारखा शोधायला मुलगा आत्ताच लायब्ररीत जायचं म्हणतोय. बोलीची मर्यादा १३०० ठरली. दोन शेवटचे प्रश्न: वर्ष चुकलंय हे लिलावघराला कळवू की गप्प बसू? आणि मिळालाच तर ठेवायचा कसा?

फ्लॅनेल

कळवा, आणि ईमेलनेच. चांगलं घर लॉटच्या पानावर दुरुस्ती टाकतं. त्यामुळे इतर बोली लावणारेही फसत नाहीत आणि उद्या तुम्हाला विकायचा झाला तर योग्य वर्षाची नोंद राहते. दुरुस्ती केली नाही तर त्या घराकडून काहीही घेऊ नका, हा लॉट धरून.

ठेवायचा म्हणाल तर यूव्ही-रोधक ॲक्रिलिकच्या डबीत, खिडकीपासून लांब, आणि बेसमेंटमध्ये अजिबात नाही. उन्हाने शाई उडते आणि ओलीने चामडं डागाळतं. चेंडू पुसू नका, कसलंही पॉलिश लावू नका. फिकट झालेली सही कुणी गिरवून देतो म्हणालं तर ठाम नकार द्या, गिरवलेल्या सहीला काही किंमत राहत नाही. पत्र वेगळ्या पाकिटात, आणि घराच्या विम्यात हा चेंडू पूर्ण किमतीला धरला आहे का, ते एजंटला विचारून घ्या; बहुतेक वेळा वेगळी नोंद करावी लागते.

सुमेध_डॅलस

आणि पहिली लहान बोली मुदतीआधी लावायची, विसरू नका!