आईच्या कवळीआधी हाड घासायचं म्हणतायत, हाडांचं इंजेक्शन चालू असताना चालतं का?

नमस्कार मंडळी, जरा मोठं होईल पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. आई ६८ वर्षांची, कराडला असते. वरचे दात कधीच गेले, तिथे कवळी आहे, खाली समोरचे सहाच उरलेत आणि तेही हलतात. वरची कवळी इतकी ढिली झालीय की बोलताना खाली येते आणि तिची कड ओठाच्या आत जिथे टेकते तिथे मांसाची घडी वाढलीय, दुखत नाही पण जीभ लावली की जाणवते म्हणते. तरी ती कवळी रात्रीसुद्धा काढत नाही, माझ्यासमोरही बिनदाताचं बसायला तिला नको वाटतं.

डेंटिस्ट म्हणाले सरळ नवीन कवळी करून उपयोग नाही, बसणारच नाही. आधी खालचे दात काढायचे, त्याच वेळी हिरडी उघडून हाडाचे टोकदार कंगोरे घासून गुळगुळीत करायचे, खालच्या जबड्याला जिभेच्या बाजूने हाडाचे दोन गोळे आहेत (टोराय म्हणाले) ते काढायचे आणि ती घडी पण कापायची. सगळं एकदमच.

माझी भीती अशी की मनगट मोडलं तेव्हा आईला ऑस्टिओपोरोसिस निघाला, तेव्हापासून वर्षातून एकदा सलाईनमधून इंजेक्शन देतात. आता एक काकू म्हणाल्या की ते घेणाऱ्यांचं दात काढल्यावर हाड भरून येत नाही. क्लिनिकच्या फॉर्मवर बीपी, शुगर एवढंच विचारलं होतं, इंजेक्शनचं कोणी विचारलंच नाही. आणि आई मिश्री लावते, सांगून सांगून थकले. तर हे सगळं खरंच गरजेचं आहे का, इंजेक्शन थांबवायचं का, आणि तिला किती दिवस दातांशिवाय राहावं लागेल? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद: ताई, मी डेंटिस्ट आहे, तोंड बघितल्याशिवाय पक्कं सांगता येणार नाही पण काही गोष्टी सांगते. इंजेक्शनचं डेंटिस्टना आजच कळवा, शेवटचा डोस कधी झाला त्या तारखेसकट. वर्षातून एकदा म्हणजे बहुतेक झोलेड्रॉनिक ॲसिड असेल. काकू म्हणतात तो त्रास खरा आहे, हाड उघडं पडतं आणि भरत नाही, पण ऑस्टिओपोरोसिसच्या डोसला ते फार क्वचित होतं, कॅन्सरमध्ये दर महिन्याला देतात तिथे धोका बराच जास्त. हलणारे, पू होणारे दात तसेच ठेवले तर त्या इन्फेक्शनचाही धोका असतोच, त्यामुळे दात काढणं टाळू नका. पण टोरायवर हिरडी अगदी पातळ असते, ती जागा भरायला नाजूक, म्हणून ते गोळे कवळीच्या खरंच आड येतायत का हे नीट विचारा. छोटे असतील तर कधीकधी सोडून देता येतात. कंगोऱ्यांचं मात्र तसं नाही, कवळी आणि हाड यांच्यामध्ये हिरडी चिमटली की प्रत्येक घासाला दुखतं आणि मग कवळी डबीतच पडून राहते. इंजेक्शन स्वतःहून थांबवू नका, ते औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं, एक डोस चुकवून जबड्याचा धोका फारसा कमी होत नाही. सहा महिन्यांनी देतात ते डेनोसुमॅब असेल तर अजूनच जपून, ते लांबवलं तर मणक्याची फ्रॅक्चर होऊ शकतात. हाडांच्या डॉक्टरांना आणि डेंटिस्टना एकमेकांशी बोलायला लावा.

त्या घडीसाठी आधी दोन-तीन आठवडे जुनी कवळी काढून ठेवा किंवा आतून मऊ लायनर लावून घ्या, सूज उतरली की कापायचं कमी राहतं. आणि कापलेला तुकडा तपासायला पाठवाच, मिश्री आहे म्हणून आग्रहाने सांगतेय. जखम भरेपर्यंत तरी मिश्री पूर्ण बंद.

प्रतिसाद: माझ्या वडिलांचं झालंय असं. टाके निघाले तरी मधेच हाडाची बारीक कपची हिरडीतून वर आली, आम्ही घाबरलो, डॉक्टरांनी चिमट्याने काढली आणि झालं. सुरुवातीला पेज, आंबील, गार करून मुगाची मऊ खिचडी, तिखट अजिबात नाही. कवळीचं माप दीड-दोन महिन्यांनी घेतलं. पहिल्या वर्षात जबडा आटत जातो त्यामुळे नंतर कवळी आतून परत भरून घ्यावी लागली, तो खर्च धरून ठेवा. खालची कवळी नुसती टिकत नाही हो, शक्य असेल तर दोन इम्प्लांटवर (जबड्याच्या हाडात बसवलेले स्क्रू) बटणाने बसणारी असते तिचं विचारा. मुंबईला यायला जमत असेल तर सीएसएमटीजवळच्या सरकारी डेंटल कॉलेजात दाखवा, तिथे कवळीवाले आणि सर्जन एकाच छताखाली आहेत.

धागाकर्ती: दोघांचेही खूप आभार. फाईल काढून बघितली, झोलेड्रॉनिक ॲसिडच आहे. उद्या डेंटिस्टना फोन करते आणि टोरायचं विचारते. इम्प्लांटचं मनात आलं होतं पण या इंजेक्शनवर ते चालतात का? आणि दात काढल्या काढल्या लगेच बसवायची तात्पुरती कवळी असते म्हणे, घासलेल्या हाडावर ती चालेल का? आई त्याच एका गोष्टीवर अडून बसलीय, श्रावणात घरी पूजा आहे आणि तिला बायकांपुढे तोंडाला पदर लावून बसायचं नाहीये.