मदत हवी आहे: वसतिगृहाच्या छताचं पाणी बोअरमध्ये कसं सोडावं?

नमस्कार मंडळी. मराठवाड्यातल्या आमच्या विद्यापीठात मुलींच्या वसतिगृहाचं छत साधारण १००० चौरस मीटर आहे. १ मिलिमीटर पावसाला चौरस मीटरमागे १ लिटर. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला, तर वाया जाणारं सोडूनही साडेपाच लाख लिटर. सगळं गटारात जातं आणि उन्हाळ्यात टँकर! २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते पाहिलेल्यांचा जीव तुटतो हो.

छतावर कबुतरांची घाण, पन्हाळीत शेवाळ. पहिल्या पावसाचं पाणी बाजूला काढायची सोय कशी करावी? खाली काळा पाषाण, बोअर आटलेलं. वाळू-खडीच्या गाळणीतून थेट केसिंगमध्ये (बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या पाइपात) सोडावं, की भोवती शोषखड्डा घ्यावा? केलेल्यांनी गाळणीची मापं, फोटो टाकावेत. मृगाआधी काम उरकायचंय.