राजाजींचा स्वतंत्र पक्ष आज असता, तर माझं मत त्यालाच

बांधावरचा (तालुका येवला)

८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हा माझा लाल कांदा नुकताच काढून झाला होता. शेती न केलेल्यांसाठी सांगतो, लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत टिकत नाही. काढला की आठ-पंधरा दिवसांत विकावाच लागतो. भाव बघता बघता पडला, शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले आणि मी भरलेली ट्रॉली तशीच घरी आणली. आमच्याकडे चातुर्मासात कांदा शिजत नाही. चंपाषष्ठीला तळी भरायची, भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मग कांदा ताटात घ्यायचा, ही रीत आई आजही पाळते. त्या चंपाषष्ठीला आत आरती चालली होती आणि बाहेर खळ्यात कांद्याला पाणी सुटायला लागलं होतं.

हे सांगितलं ते मी कोण आहे ते कळावं म्हणून. मी देवाधर्माचा माणूस आहे. एकत्र कुटुंबात राहतो, गावकीचा मान राखतो, जुनं मोडताना दहादा विचार करतो. आणि माझ्या मालाचं गिऱ्हाईक कोण, हे दिल्लीत ठरू नये असंही मला मनापासून वाटतं. या दोन्ही गोष्टी एका माणसात नांदतात. याला कुणी परंपरानिष्ठ उदारमतवाद म्हणतं, कुणी पुराणमतवादी उदारमतवाद. सरकारने आपल्या मर्यादेत राहावं, माणसाची मालमत्ता आणि त्याचा व्यवहार त्याच्या हाती असावा, समाज बदलावा पण तो आतून बदलावा, एका रात्रीत हुकमाने नव्हे. एवढाच त्याचा गाभा.

आपल्या देशात हा विचार एकदाच नीट पक्ष म्हणून उभा राहिला. जानेवारी १९५९ मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला. शेतकऱ्याचा बांध मोडून सगळ्यांची जमीन एकत्र कसायची, अशी ती कल्पना. राजाजी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी, तेव्हा ऐंशीचे होते. माणूस या वयात काशीयात्रेचा विचार करतो, त्यांनी ‘स्वतंत्र पक्ष’ काढला. मिनू मसानी, एन. जी. रंगा, कन्हैयालाल मुन्शी बरोबर आले. ‘परमिट-लायसन्स-कोटा राज’ हा शब्दप्रयोग राजाजींचाच. पक्षाची एकवीस तत्त्वं होती आणि त्यांबाहेरच्या विषयांवर सदस्याने आपल्या बुद्धीने मत द्यावं, अशी मुभा त्या तत्त्वांतच होती. आज असा पक्ष दाखवा. १९६२ ला लोकसभेत १८ जागा, १९६७ ला ४४, म्हणजे विरोधकांत सर्वांत मोठा. १९७१ ला ८ वर आला आणि १९७४ मध्ये भारतीय लोकदलात विरून गेला.

आज परंपरेचं नाव घेणारे सत्तेत असतात आणि निर्यातबंदी होते. शेतकऱ्याचं नाव घेणारे विरोधात असतात, पण मालाचा भाव आणि साठा सरकारच्या हाती देणारा १९५५ चा आवश्यक वस्तू कायदा त्यांच्याच पूर्वजांचा. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९८० मध्ये चाकणला कांद्यासाठीच रस्ता अडवला आणि १९९४ मध्ये राजाजींच्या वाटेवरचा स्वतंत्र भारत पक्ष काढला. त्यानंतर आमच्यासारख्यांनी कुणाकडे बघायचं?

कुळाची नात (रायगड)

दादा, ट्रॉलीचं वाचून पोटात तुटलं. निर्यातबंदीबाबत मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे. पण ‘माणसाची मालमत्ता त्याच्या हाती असावी’ हे आमच्या घरात म्हणून बघा, समोरचा आधी विचारेल, कुणाची मालमत्ता?

आमच्याकडे मालमत्ता खोताची, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराची होती आणि कष्ट आमचे. भात झोडून झालं की पहिलं माप खोताचं, उरेल ते आमचं. अंगणातला आंबा पणजोबांनी लावला, वाढवला, पण त्याची पहिली पाटी खोताच्या माडीवर जायची. आजी हे सांगताना आवाज चढवत नसे, हात मात्र मांडीवर घट्ट आवळायची. अलिबागजवळ चरी गावात १९३३ ते १९३९ असा संप झाला. नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून कुळांनी शेतं पड टाकली आणि मोलमजुरीवर, लाकूडफाटा विकून दिवस काढले. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं. खोती कायद्याने गेली १९४९ मध्ये. कूळ कायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवसापासून कसणारा मालक मानला गेला. जमीन आमची झाल्याचं ३२-म चं प्रमाणपत्र अजून देवघराच्या फळीवर पत्र्याच्या डब्यात आहे. दसऱ्याला वडील तो डबा शस्त्रांबरोबर पुजतात.

हे सगळं ‘आतून’ झालं असतं का? खोताकडेही परंपरा होती, सनदा होत्या, मालमत्तेचा हक्क होता. खोताच्या मनात पालट व्हायची वाट बघत बसलो असतो, तर मी आज हे लिहीत नसते, कुणाच्या तरी खळ्यावर सूप पाखडत असते.

आणि तुमच्या पक्षात कोण होतं तेही बघा. जयपूरच्या गायत्रीदेवी, ओडिशाचे सिंगदेव, तेव्हाच्या बिहारमधले रामगढचे राजे. जमीन सुधारणांच्या कायद्यांना कवच देणारी १९६४ ची सतरावी घटनादुरुस्ती आली, तेव्हा तिच्या विरोधात हाच पक्ष पुढे होता. राजेलोकांना स्वातंत्र्य कशासाठी हवं होतं, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

बांधावरचा

ताई, डबा पुजण्याचं वाचून थांबलो. तुमच्या आजीपुढे मी वाद घालणार नाही. पण दोन गोष्टी सांगू द्या.

एक, सनदेने मिळालेली खोती आणि घाम गाळून राखलेलं शेत ही एक मालमत्ता नव्हे. पक्षाचे पहिले अध्यक्ष रंगा हे राजे नव्हते, गुंटूर जिल्ह्यातल्या शेतकरी घरातले, किसान चळवळीतले होते. सतराव्या दुरुस्तीला त्यांनी विरोध केला, कारण तिने जमीनदारीच्या पलीकडे जाऊन रयतवारीतला, म्हणजे सरकारला थेट सारा भरणारा, साधा खातेदारही पकडीत घेतला. कायद्यांना कोर्टापासून कवच देणाऱ्या घटनेच्या नवव्या परिशिष्टात १९५१ ला तेरा कायदे होते, आज दोनशे ऐंशीच्या वर आहेत. खोत केव्हाच गेला आणि त्याच्यासाठी आणलेलं हत्यार आमच्यावर रोखलेलं राहिलं. कोरडवाहूला ५४ एकरांची कमाल मर्यादा शेतजमिनीला, कारखान्याला का नाही?

दोन, तुमच्या सातबाऱ्यावर कूळ कायद्यातल्या ‘कलम ४३ च्या तरतुदीस पात्र’ असा शेरा आहे का ते बघा. कुळाला जमीन मिळाली, पण विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. खोताच्या जागी साहेब आला. वडिलांना विचारा, मुलीच्या लग्नाला किंवा दवाखान्याला जमीन मोकळी करायची तर किती खेटे घालावे लागायचे.

कुळाची नात

विचारलं. शेरा होता. काकांच्या ऑपरेशनच्या वेळी अर्धा एकर विकायचा होता, परवानगी येईपर्यंत पावणेदोन वर्षं गेली आणि तोवर काका गेले. २०१४ च्या दुरुस्तीनंतर आकारणीच्या, म्हणजे जमिनीच्या साऱ्याच्या, चाळीस पट रक्कम भरून शेरा निघाला. आकारणी असते काही रुपयांची. तेवढ्या पैशांसाठी अर्धं शतक आम्ही हात जोडून उभे होतो. हा मुद्दा तुमचा, मी मानते. पण क्रम विसरू नका. आधी खोत हटवणारं सरकार लागलं, मग सरकार हटवायची गोष्ट. तुमचा विचार दुसऱ्या पायरीवर सुरू होतो आणि पहिली पायरी झालीच नव्हती असं धरून चालतो.

मवाळ (पुणे)

राजाजींच्या आधी आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे होऊन गेले, त्यांना वगळून ही चर्चा पुरी होणार नाही. जुन्याचा धागा न तोडता नवं विणायचं, शास्त्रातला आधार शोधायचा, पण आधारासाठी अडून बसायचं नाही, हा त्यांचा बाणा. ‘आतून बदल’ याचा अर्थ ‘कायदा नको’ असा त्यांनी कधीच केला नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधाला संमतीचं मुलीचं वय दहावरून बारा होणार होतं. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये म्हणून टिळक विरोधात उभे राहिले. रानडे कायद्याच्या बाजूने होते. त्याच्या आदल्या वर्षी कलकत्त्याला फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली होती. अशा वेळी सरकारची मर्यादा कुठे आखायची, हे पाहूनच माणूस उदारमतवादी आहे की नुसता पुराणमतवादी, ते ठरतं.

रानड्यांवरचे आक्षेप मला माहीत आहेत. १८७३ मध्ये पहिली पत्नी गेल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे ते झुकले, विधवेशी लग्न न करता अकरा वर्षांच्या रमाबाईंशी केलं. फुल्यांनी १८८५ च्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण नाकारताना जे खरमरीत पत्र लिहिलं, तेही न्याय्यच होतं. तरी त्याच रमाबाईंना त्यांनी घरातल्या बायकांचा विरोध पत्करून शिकवलं आणि रमाबाईंनी पुढे सेवासदन उभं केलं. हळू चाललेला माणूसही पोहोचतो.

राजाजींचंही तसंच. १९३९ मध्ये मदुरेच्या मीनाक्षी मंदिरात दलितांना प्रवेश मिळाला, तेव्हा प्रवेश घडवणाऱ्यांना कायद्याचं संरक्षण देणारे मद्रास प्रांताचे पंतप्रधान (तेव्हा मुख्यमंत्र्याला तसं म्हणत) हेच होते. कपाळाला गंध लावणारा माणूस देवळाचं दार उघडू शकतो. आतला माणूस उघडतो तेव्हा ते पुन्हा बंद होणं अवघड जातं.

माळरान (सोलापूर)

मवाळसाहेब, देवळाचं दार सांगितलंत, शाळेचंही सांगा. १९५३ मध्ये याच राजाजींनी मद्रास राज्यात योजना आणली, की प्राथमिक शाळा अर्धा वेळ आणि उरलेल्या वेळात मुलाने घरी बापाचा धंदा शिकायचा. चांभाराच्या मुलाने चामडं, न्हाव्याच्या मुलाने वस्तरा. पेरियार उठले, काँग्रेसमधूनही विरोध झाला, १९५४ ला राजाजींना पद सोडावं लागलं आणि कामराजांनी योजना रद्द केली. माझे आजोबा चपला शिवायचे, मी बँकेत अधिकारी आहे. अर्धा वेळ शाळा असती, तर माझ्या वडिलांच्या हाती पूर्ण वेळ आरी राहिली असती. ज्याचं परंपरेत चांगलं चाललं होतं, त्यालाच ती सवडीने बदलावीशी वाटते.

दारूबंदीचंही तसंच. १९३७ मध्ये सेलमला दारूबंदी आणली ती राजाजींनीच. कांद्याला परमिट नको आणि पेल्याला हवं, हे मला जमत नाही.

जाईजुई

सगळे पुरुष जमिनीवर बोलताहेत (कुळाची नात वगळून), म्हणून एक प्रसंग सांगते.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, केंद्राने दिला २००५ मध्ये. माझ्या आत्या तिघी. आजोबा गेल्यावर वर्षश्राद्धाच्या आत तिघींना दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नेलं. हक्कसोडपत्र आधीच टंकून तयार होतं. ‘कोणत्याही दबावाशिवाय, स्वखुशीने’ असं त्यात लिहिलेलं. मी तेव्हा बारावीत होते, सोबत गेले होते. मोठ्या आत्याने अंगठा शाईत बुडवला आणि कागदाजवळ नेऊन क्षणभर थांबवला. माझे वडील एवढंच म्हणाले, ‘अक्का, दिवाळीला येणार ना?’ आत्याने कागदावर अंगठा उमटवला. घरी आल्यावर तिघींना साडीचोळी केली आणि पुरणपोळी झाली.

कुणी धमकी दिली नाही. सरकार कुठे आडवं आलं नाही. करार मोकळ्या मनाने झालेला, परंपरेचा मान राखलेला. तुमच्या विचाराच्या दोन्ही कसोट्यांना हा व्यवहार उतरतो, आणि तीन बायकांची जमीन गेली. माझी धाकटी आत्या नवऱ्याने टाकल्यावर दुसऱ्याच्या शेतात निंदणी करते. ते शेत आमच्या बांधाला लागून आहे.

बांधावरचे, शरद जोशींचं नाव घेतलंत ते बरं केलंत. बायकोच्या नावावर जमीन करून द्या, ही त्यांची लक्ष्मीमुक्तीची मोहीम आमच्या गावातही आली होती आणि काही पुरुषांनी खरंच केली. त्याचा मला आदर आहे. पण ज्यांनी केली त्यांच्याच बायकांना मिळाली.

बांधावरचा

कालपासून उत्तर लिहीत आणि खोडत आहे. तुमची गोष्ट वाचून रात्री आमचा फेरफार काढला. २०११ ची नोंद आहे. माझ्या दोन्ही बहिणींच्या सह्या त्यावर आहेत. ‘तुझं नाव ठेवायचं का’ असं मी विचारलं नव्हतं, ‘सही कर’ म्हणालो होतो.

माळरान, अर्धवेळ शाळेची योजना चूक होती. ती राजाजींची होती म्हणून मी सावरणार नाही.

पण जाईजुई, यावरून मी सरकारला घरात बोलावणार नाही. कायद्याने बहिणींना हक्क दिलाच होता. तो काढून घेतला मी, साडीचोळीने. ते माझं पाप आहे आणि ते फेडायला मला तलाठ्याची नोटीस लागू नये. मोठी बहीण येत्या रविवारी येतेय. तिच्यापुढे सातबारा ठेवून विचारणार आहे. घर आतून बदलतं असं मी म्हणतो, तर माझ्या घरापासून ते करून दाखवायला हवं.

जाईजुई

रविवारी विचाराल यावर माझा विश्वास आहे. पण जिथे भाऊ तुमच्यासारखा नाही, त्या घरातल्या बहिणीचं काय? मी जमीन वाटून द्यायला सरकार मागत नाही. एवढंच मागते, की वारस म्हणून बहिणीचं नाव सातबाऱ्यावर आधी लागावं. ते लागल्यापासून वर्षभर हक्कसोडपत्र नोंदवूच नये. आणि नोंदवताना भावाला बाहेर बसवून निबंधकाने तिच्याशी एकटीशी बोलावं. यात कुणाची मालमत्ता जात नाही, कुणाची दिवाळी मोडत नाही. एवढा कायदा तुमच्या राजाजींच्या पक्षाला चालला असता का, ते सांगा. चालला असता, तर माझंही मत त्यालाच.